भाऊ टेलिग्राम ग्रुपसोबत दुसऱ्या देशाच्या सरकारी साइट पाडून राहिला होता, वायफाय बाबांच्या नावावर आहे, काय करू?

मानेवाडा_ताई

नमस्कार. जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज, घरात दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही.

माझा लहान भाऊ १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. पोट्टा हुशार आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या रविवारी मला भरतीचा फॉर्म भरायचा होता, माझा लॅपटॉप बंद पडला म्हणून त्याचा उघडला तर टेलिग्राम चालूच होतं. समोर एक ग्रुप, चार हजारांच्या वर मेंबर, रोज संध्याकाळी अ‍ॅडमिन साइटची नावं टाकतो, खाली वेळ लिहितो ९.३०, आणि मग साडेनऊ झाले की सगळे "डाउन", "डाउन" करत स्क्रीनशॉट टाकून राहिले, सोबत झेंडे. वर वर स्क्रोल करत गेले तर मे २०२५ पासून भावाचेही स्क्रीनशॉट होते त्यात. पोटात गोळाच आला.

विचारलं तर त्याने लपवलं नाही. म्हणे ताई, पहलगामनंतर मला झोप येत नव्हती, ऑपरेशन सिंदूर चालू झालं तेव्हा तिकडचे हॅकर आपल्या साइटवर हल्ले करून राहिले होते, आम्ही फक्त उत्तर दिलं, मी एक रुपया चोरला नाही, कोणाचा डेटा घेतला नाही, नुसती त्यांच्या मंत्रालयाची साइट अर्धा तास बंद पाडली. हे मला आठवतं, त्या दिवसांत तो खरंच नीट जेवत नव्हता, टीव्हीसमोरून उठत नव्हता. त्यामुळे त्याला रागावू की काय करू हेच कळेना.

पण आता त्याच ग्रुपमध्ये वेगळंच चालू झालंय. परीक्षेच्या गोंधळाचा निषेध म्हणून आपल्याच राज्यातल्या एका भरतीच्या पोर्टलवर हल्ला करायचा मेसेज आला आहे. भाऊ म्हणतो मी अजून हो म्हटलं नाही, पण पोरांचा राग खरा आहे ना ताई, मोर्चा काढला तर कोण ऐकतं.

माझे प्रश्न असे की, एक तर दुसऱ्या देशाच्या सरकारची साइट पाडणं हा आपल्या इथे गुन्हा होतो का. आणि ब्रॉडबँडचं कनेक्शन बाबांच्या नावावर आहे, ते रिटायर्ड आहेत, बीपीची गोळी चालू आहे, उद्या पोलिस आले तर कोणाच्या नावाने येतील? लॅपटॉप फॉरमॅट मारून टाकू का?

लॉगवाला

ताई, कायद्याचं वकील लोक सांगतील, मी दुसऱ्या टोकाचं सांगतो, कारण मी सर्व्हरच्या बाजूला बसणारा माणूस आहे. आधी एक, फॉरमॅट मारू नका.

काही वर्षांपूर्वी मी विदर्भातल्या एका सरकारी पोर्टलचं काम कॉन्ट्रॅक्टवर पाहत होतो, नाव घेत नाही. जूनचे दिवस, अ‍ॅडमिशनची गर्दी, आणि सकाळी ११ च्या सुमारास साइट बसली. लॉग, म्हणजे सर्व्हरवरची येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, उघडला तर ओळी इतक्या जोरात पळून राहिल्या होत्या की वाचताच येईना, थांबवून पाहिलं तर तेच तेच पान, सेकंदाला शेकडो वेळा, वेगवेगळ्या देशांतल्या आयपीवरून (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता), त्यात आपल्याकडचेही बरेच. कोणत्या तरी धार्मिक वादावरून कोणता तरी ग्रुप सगळ्या भारतीय सरकारी साइटवर तुटून पडला होता आणि आमची साइट फक्त नावात सरकार आहे म्हणून त्या यादीत.

त्या दिवशी मी योगायोगाने तहसीलमध्येच बसलो होतो, खिडकीच्या आतल्या बाजूला. बाहेर एक बाई, साठीच्या असतील, हातात दुधाची धुतलेली पिशवी आणि तिच्यात घडी घातलेले कागद, नातीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता, कॉलेजात जमा करायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची. ऑपरेटर म्हणाला सर्व्हर डाउन आहे आजी, उद्या या. त्या म्हणाल्या बाप्पा, उद्याची मजुरी बुडते, आजची तर बुडालीच. तिथेच भिंतीला टेकून बसल्या, साडेचारपर्यंत. साइट वर आली पावणेसहाला, तोवर खिडकी बंद. मी आत बसून सगळं पाहत होतो आणि काही करू शकलो नाही, ते अजून डोक्यातून जात नाही.

मंत्री असो की सचिव, साइट बंद पडली तर त्यांचं काहीच अडत नाही, त्यांचं काम फोनवर होतं. अडतं ते खिडकीवरच्या माणसाचं. तिकडच्या देशातही असंच असणार, त्यांच्याकडेही खिडकी आहे आणि खिडकीबाहेर कोणीतरी बसलेलं आहे.

आणि पराक्रमाचं म्हणाल तर, मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने (राज्याचा सायबर पोलिस विभाग) रिपोर्ट काढला होता, 'रोड ऑफ सिंदूर' नावाने. त्यात पहलगामनंतर आपल्यावर १५ लाखांच्या आसपास हल्ले झाले असं दिलंय आणि त्यातले यशस्वी किती, तर १५०. म्हणजे दहा हजारांत एक. बाकी सगळा आवाज. तिकडच्या पोट्ट्यांनी टेलिग्रामवर विजेचं ग्रिड पाडलं असे दावे ठोकले होते, आपल्याकडच्या ग्रुपचे दावे काहून जास्त खरे असतील?

वकील_सिव्हिललाइन्स

नमस्कार ताई. मी नागपूरलाच प्रॅक्टिस करतो, सायबरची प्रकरणं पाहतो. इथे लिहितो ते सर्वसाधारण समजा, सल्ल्यासाठी प्रत्यक्ष कोणाला तरी भेटा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, गुन्हा होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ वाचा, त्यात "मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय" असे शब्द आहेत. तो संगणक भारतातलाच असावा असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ज्याला वापरायचा हक्क आहे त्याला वापरता येऊ नये असं करणं, म्हणजे तुमच्या भावाने जे केलं तेच, ते कलम ४३ च्या पोटकलम एफ मध्ये आहे. हीच कृती अप्रामाणिक हेतूने केली की कलम ६६ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पोरं इथेच फसतात, त्यांना वाटतं पैसा घेतला नाही म्हणजे अप्रामाणिक नाही. कायद्यात अप्रामाणिक म्हणजे कोणाचाही गैरलाभ किंवा दुसऱ्याचं गैरवाजवी नुकसान, दोन्हीपैकी एकाचा हेतू पुरतो. तुमच्या भावाने वर जे सांगितलं, नुसती बंद पाडली, त्या वाक्यातच नुकसानीचा हेतू आहे.

आता भरती पोर्टलचं. ते करू देऊ नका, हात जोडून सांगतो. तिथे तक्रारदार इथला, सर्व्हरचा लॉग इथला, पोलिस इथले. सर्ट-इन, म्हणजे सायबर हल्ल्यांचं पाहणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळून ठेवावे लागतात. नुसता प्रयत्न केला, साइट पडली नाही, तरी कलम ८४-सी आहे. दुसऱ्याला चिथावलं, लिंक फॉरवर्ड केली, तरी ८४-बी. एखादी यंत्रणा सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केली असेल, जसा आधारचा मुख्य डेटाबेस, तर कलम ७० आणि १० वर्षांपर्यंत शिक्षा. आणि सगळ्यात वर ६६-एफ, सायबर दहशतवाद, त्यात जन्मठेपेपर्यंत जातं.

६६-एफ फार लांबचं वाटत असेल तर गुजरातचं प्रकरण आठवा. मे २०२५ मध्येच गुजरात एटीएसने नडियादच्या १८ वर्षांच्या मुलाला धरलं, सोबत एक अल्पवयीन. एटीएसचं म्हणणं असं की त्यांनी ऑपरेशन सिंदूरच्या काळात ५० च्या वर भारतीय साइटवर डीडॉस हल्ले (एकदम प्रचंड रिक्वेस्ट पाठवून साइट बसवणं) केले आणि टेलिग्रामवर पुरावे म्हणून टाकले. बारावीच्या वयाची पोरं, सगळं मोबाइलवर आणि यूट्यूबवर शिकलेली, आणि कलम लागलं ६६-एफ. त्यांची बाजू तुमच्या भावाच्या उलट होती हे मला कळतं. पण हत्यार तेच आणि स्क्रीनशॉट टाकायची हौसही तीच.

बाबांचं. आयपीवरून कंपनी नाव देते ते कनेक्शनधारकाचं, त्यामुळे पहिली नोटीस किंवा पहिला फोन बाबांनाच येऊ शकतो. त्यावरून बाबा आरोपी होत नाहीत, पण सायबर पोलिस ठाण्यात जाऊन बसणं, डिव्हाइस जप्त होणं, हे सगळं त्यांच्या वाट्याला येऊ शकतं. शत्रुदेश तक्रार करायला येणार नाही असं पोरं म्हणतात, पण साइट त्या देशाची असली तरी सर्व्हर पुष्कळदा तिसऱ्याच देशात भाड्याने घेतलेला असतो आणि तिथून तक्रार येऊ शकते.

फॉरमॅट अजिबात नको. आज जे आहे ते एका १९ वर्षांच्या मुलाचं चुकलेलं पाऊल आहे, ६६ जामीनपात्र आहे. पुरावा नष्ट केला की त्याच्या डोक्यावर वेगळं प्रकरण चढतं आणि तुमच्याही. लॅपटॉप बंद करून जसाच्या तसा ठेवा.

धंतोली_८८

वकीलसाहेबांनी कलमं बरोबर सांगितली आहेत पण मला सगळंच एका रेषेत पटत नाही, म्हणून लिहितो. ताई, तुमच्या भावाने करावं असं मी म्हणत नाहीये हे आधीच सांगतो.

सरकारी साइटसमोर गर्दी करून ती अडवणं ही कल्पना चोरीतून आलेली नाही, धरण्यातून आलेली आहे. १९९८ साली मेक्सिकोतल्या झापातिस्ता आदिवासींच्या पाठिंब्यासाठी काही कलाकारांनी असंच सामूहिक ठिय्या आंदोलन इंटरनेटवर केलं होतं, जाहीर करून, वेळ सांगून, स्वतःच्या नावानिशी. २०१० मध्ये पेपाल, व्हिसा, मास्टरकार्डने सरकारी गुपितं फोडणाऱ्या विकिलिक्स साइटचे पैसे अडवले तेव्हा अ‍ॅनॉनिमस या निनावी हॅकरांच्या गटाने त्यांच्यावर डीडॉस केला, जानेवारी २०१३ मध्ये तर व्हाइट हाउसकडे अर्जच टाकला की डीडॉसला निषेधाचा कायदेशीर मार्ग माना. मानला नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये फाइल शेअरिंगच्या साइट ब्लॉक झाल्या तेव्हा त्याच गटाने सुप्रीम कोर्टाची आणि काँग्रेसची साइट पाडली होती, मग जूनमध्ये पोरं मुखवटे घालून मुंबईत रस्त्यावरही आली. ती रस्त्यावर आलेली पोरं मला आवडली होती. चेहरा झाकलेला होता पण उभी तर होती.

माझा राग कायद्याच्या ढोबळपणावर आहे. याच आयटी अ‍ॅक्टमध्ये ६६-ए होतं. नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या पोस्टसाठी अटक झाली, एकीने तर फक्त लाइक केलं होतं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं, आणि तरी २०२१ मध्ये कोर्टाला सांगावं लागलं की अजून त्याखाली गुन्हे दाखल होतात हे धक्कादायक आहे. आता मला सांगा, बँक लुटणारा टोळीवाला आणि रागाने अर्धा तास साइट अडवणारा पोट्टा दोघांनाही तेच ६६, हा कुठला न्याय. ब्रिटनचा १९९० चा कायदाही असाच, तिथे तर १० वर्षांपर्यंत आहे, पेपालवाल्या प्रकरणात एका २२ वर्षांच्या पोराला १८ महिने दिले.

आणि जो चांगल्या मनाने सांगायला जातो त्याचं काय? साइटच्या सुरक्षेत भोक आहे हे एखाद्याने शोधून कळवलं तरी "परवानगीशिवाय" हा शब्द त्याच्याही मानेवर आहेच. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ मध्ये धोरण काढलं की प्रामाणिक हेतूने सुरक्षा तपासणाऱ्यावर खटला भरायचा नाही, बेल्जियमने २०२३ मध्ये कायद्यातच संरक्षण दिलं. आपल्या कायद्यात असं स्पष्ट संरक्षण नाही. ते असतं तर तुमच्या भावासारखी पोरं टेलिग्रामवर गेलीच नसती असं मला मनापासून वाटतं.

लॉगवाला

धंतोली, संरक्षणाच्या मुद्द्यावर शंभर टक्के तुमच्यासोबत. धरण्याच्या मुद्द्यावर नाही. संविधान चौकात धरणं धरलं तर माणूस दिसतो, पोलिस त्याच्याशी बोलतात, रुग्णवाहिका आली तर तो बाजूला होतो. साइटवर लाखभर रिक्वेस्ट आल्या तर त्यातली आजीची रिक्वेस्ट कोणती हे मला कळत नाही, बाजूला व्हायची सोयच नाही त्यात. शिवाय हल्ली लाखभर रिक्वेस्ट म्हणजे लाखभर माणसंही नसतात. बहुतेक ट्रॅफिक कोणाच्या तरी हॅक झालेल्या राउटरमधून आणि सीसीटीव्हीतून येतो, तो माणूस निषेधाला आलेलाच नसतो.

आणि ताई, त्या ग्रुपने जे टूल दिलं असेल त्याकडे संशयाने बघा. २०२२ मध्ये युक्रेनच्या बाजूने लढायला निघालेल्या लोकांना टेलिग्रामवर असंच एक टूल वाटलं गेलं, रशियन साइट पाडायचं म्हणून. सिस्को कंपनीच्या टालोस या सायबर सुरक्षा टीमने उघडून पाहिलं तर आत पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरणारा प्रोग्राम. देशासाठी म्हणून पोरांनी आपल्याच घराची किल्ली देऊन टाकली. बाबांच्या पेन्शनचं नेट बँकिंग त्या लॅपटॉपवर कधी उघडलं असेल तर आजच दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, उद्यावर ढकलू नका.

पकडलं कोण जातं हेही त्याला सांगा. एस्टोनियात २००७ ला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यावरून तीन आठवडे हल्ले झाले, सरकार, बँका, वर्तमानपत्रं सगळं बसलं. रशियाने तपासात मदत केली नाही. शेवटी शिक्षा झाली एकट्या २० वर्षांच्या विद्यार्थ्याला, १७,५०० क्रून (तिथलं तेव्हाचं चलन) दंड, कारण तो तिथेच राहत होता आणि पोलिसांच्या हाताला लागणारा तोच होता. ग्रुपचा अ‍ॅडमिन कुठे आहे हे तुमच्या भावाला तरी माहीत आहे का?

मानेवाडा_ताई

तीन दिवसांनी लिहून राहिले, सगळ्यांचे खूप खूप आभार. फॉरमॅट केलं नाही. लॉगवाला दादा, तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या बाबांच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, बाबांना सांगितलं बँकेने करायला लावले. खोटं बोलले, पण त्या क्षणी दुसरं सुचलं नाही.

भावाशी बोलले गच्चीवर, रात्री. कलमं सांगितली तर गप्प बसून ऐकून राहिला, ६६-एफ म्हटल्यावरही फार हलला नाही. मग मी माझा फोन त्याच्या हातात दिला. ग्रुपमध्ये ज्या पोर्टलचं नाव आलं होतं ना, मी त्या रविवारी तोच फॉर्म भरायला त्याचा लॅपटॉप उघडला होता. चौथ्यांदा परीक्षा देत आहे मी. वयाची अट पाहता ही शेवटची. अर्ज अर्धवट सेव्ह आहे, फोटो अपलोड व्हायचा बाकी, शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी. त्याने ते पान दोन-तीन वेळा वर-खाली केलं आणि म्हणाला ताई, मला माहीतच नव्हतं तुझा फॉर्म याच साइटवर आहे. मी म्हटलं तुला कसं माहीत असणार, तुला तर फक्त नाव दिलं होतं.

मग त्याने आजीबद्दल विचारलं, लॉगवाला दादांच्या. दाखला मिळाला का त्यांना शेवटी?

धंतोली दादा, तुमचंही त्याला वाचून दाखवलं. तो म्हणे हे पहिले आहेत ज्यांना आमचा राग कळला. भोक सापडलं तर कुठे कळवायचं हे विचारत होता.

लॉगवाला

ताई, आजींचा दाखला तिसऱ्या दिवशी निघाला. कॉलेजने घेतला की नाही ते मला कळलं नाही, मी नंतर विचारायला गेलो तेव्हा ऑपरेटर बदललेला होता.

कळवायला सर्ट-इनकडे रीतसर पद्धत आहे, त्यांच्या साइटवर ईमेल आणि फॉर्म दोन्ही मिळेल, आणि वीज, बँक, दूरसंचार अशा अत्यावश्यक यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी ही वेगळी सरकारी संस्था. पण धंतोली म्हणाले ते लक्षात ठेवायला सांगा, भोक शोधायला म्हणून कोणाच्या साइटमध्ये घुसायचं नाही, सहज वापरताना काही दिसलं तर तिथेच थांबून कळवायचं. शिकायचंच असेल तर बऱ्याच कंपन्या स्वतः परवानगी देऊन तपासायला बोलावतात, बक्षीसही देतात, त्यांच्या अटी आधी नीट वाचायच्या. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर इथे मेसेज टाकू द्या, मी रात्री नऊनंतर मोकळा असतो.

वकील_सिव्हिललाइन्स

ताई, सोमवारी आधी भाऊ आणि तुम्ही वकिलाकडे जा, मग बाबांना सांगा, पण सांगा. नोटीस आली तर त्यांना दारातच कळू नये. जाताना लॅपटॉप सोबत न्या, चार्जरसह, बंद स्थितीत. पोलिसांकडे स्वतःहून जायचं की नाही हे वकील सगळं पाहून ठरवतील, इथे कोणाच्या सांगण्यावरून ठरवू नका, माझ्याही नाही.

मानेवाडा_ताई

हो साहेब. सोमवारी सकाळी ११ ची वेळ घेतली आहे. लॅपटॉप आईच्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय, चावी माझ्याकडे. फॉर्म काल सायबर कॅफेतून भरून टाकला, फोटो तिसऱ्यांदा अपलोड झाला, भाऊ बाजूला उभा होता.